सायलेन्सर, क्राऊन-पिनियन आणि कसाऱ्याचा चढ

पिकअपला ओढ कमी पडते अशी तक्रार घेऊन माणूस द्वारका चौकाच्या आसपास कुठल्याही गॅरेजात उभा राहिला की दोन सल्ले हमखास मिळतात. सायलेन्सर मोकळा करून घ्या, नाहीतर क्राऊन-पिनियन बदला. घरात मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहणारा पुतण्या असेल तर तो तिसरा सल्ला देतो: डिफरेन्शियलला लॉक बसवा. शिवाय हे सगळे अंगणात जॅक लावून आपले आपण करता येते, असेही सांगतो. तिन्ही सल्ले एका दमात दिले जातात, पण त्यांचा परस्परांशी संबंध फार थोडा आहे. पहिला सल्ला इंजिनातून निघणाऱ्या शक्तीविषयी आहे. दुसरा त्या शक्तीतल्या वेग आणि ओढ यांच्या देवघेवीविषयी आहे. तिसरा ती ओढ दोन चाकांत कशी वाटली जाते याविषयी. निर्मिती, विनिमय आणि वाटप हे तीन प्रश्न वेगळे ठेवले की पैसा कुठे घालायचा याचे उत्तर बरेचसे आकड्यांतूनच निघते. आणि ते उत्तर, माझ्या मते, सायलेन्सरच्या बाजूने निघत नाही.

या विचाराला द्वारकेइतकी सोयीची जागा नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथे मिळतात. लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा सुटा माल, सगळे वाहणारी पिकअप एकच असते. तिला सकाळी शेतातल्या चिखलातून निघायचे असते, दुपारी उड्डाणपुलाखालच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकायचे असते आणि मुंबईहून परतताना, बहुधा रात्री, कसारा घाट चढायचा असतो. या तीन कामांना तीन वेगळ्या गोष्टी लागतात, आणि वरचे तीनही सल्ले तिन्ही कामांना सारखे लागू पडत नाहीत.

नाशिकचे या जातीच्या गाड्यांशी नातेही जुने आहे. महिंद्राचा वाहन कारखाना सातपूरला, इंजिनाचा इगतपुरीला. १९४९मध्ये मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून ज्या कंपनीचा हा प्रवास सुरू झाला, तिच्या जुन्या सीजे-३बी जीपचा मागच्या एक्सलचा रेशो ५.३८ होता, म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

हिशेबासाठी एक गाडी धरू. बोलेरो पिकअपच्या वर्गातले अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, ३,२०० फेऱ्यांवर ७५ अश्वशक्ती, कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर. माल धरून वजन ३,३०० किलो, टायरची फिरती त्रिज्या ३४ सेंटीमीटर, मागचा रेशो ४.१०, गिअरचे रेशो पहिल्यापासून ४.०, २.३, १.४, १.० आणि ०.८. हे गोल केलेले आकडे आहेत; ज्याने त्याने आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले घालावेत. रीत बदलत नाही.

धुराची वाट

मोकळ्या सायलेन्सरमागचा तर्क असा: सिलिंडरमधला जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टनला जोर लावावा लागतो, वाट अरुंद असेल तर जोर जास्त, वाट रुंद केली की तो जोर चाकांना मिळेल. तर्क बरोबर आहे. प्रश्न किती, हा आहे.

३,२०० फेऱ्यांवर पूर्ण भारात हे इंजिन सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा ओढते. टर्बाइनमधून बाहेर पडताना वायू ४५० अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणून फुगतो; त्याचे आकारमान सेकंदाला सव्वादोनशे लिटरच्या घरात जाते. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत तो ताशी चारशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. तीन मीटर नळी, दोन-तीन वळणे आणि शेवटचे तोंड मिळून दाबाचा तोटा नऊ-दहा किलोपास्कल येतो. नळी ६३ मिलिमीटरची केली तर तोच तोटा साडेतीनवर येतो, कारण नळीच्या घर्षणाचा तोटा व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने घटतो. म्हणजे वाचले सहा किलोपास्कल. टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला की पुढचा त्याहून जास्त कमी होतो, म्हणून सिलिंडरच्या दृष्टीने ही बचत दहाच्या आसपास धरू. आता दुसरी बाजू. याच फेऱ्यांवर ७५ अश्वशक्ती देण्यासाठी पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब सुमारे ८०० किलोपास्कल असतो. आठशेत दहा, म्हणजे सव्वा टक्का, म्हणजे एक अश्वशक्ती. सायलेन्सरचा डबाही मोकळा घेतला तर आणखी जवळपास तेवढीच.

ही झाली कमाल फेऱ्यांवरची गोष्ट. घाटात इंजिन १,५००-१,८०० फेऱ्यांवर असते. तिथे वायूचा प्रवाह निम्म्याहून कमी, आणि दाबाचा तोटा प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे एक पंचमांशाच्या आसपास. फायदा पाव टक्का. ज्या जागी ओढ कमी पडते अशी तक्रार आहे, नेमक्या त्या जागी मोकळा सायलेन्सर काही देत नाही. तुलना करायचीच तर हवेशी करावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने इथली हवा मुंबईहून सहा टक्के विरळ आहे. टर्बो नसलेले इंजिन नुसते नाशिकला राहायला आल्याने जेवढे गमावते, त्याच्या निम्मेही एक्झॉस्ट बदलून परत मिळत नाही.

मग अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांना फरक जाणवतो तो भ्रम आहे का? पूर्ण नाही. तिकडची खासगी पिकअप बहुधा मोठ्या पेट्रोल व्ही-८ इंजिनाची, अनेकदा टर्बोशिवायची. अशा इंजिनात धुराच्या लाटा नळीतून मागे-पुढे धावतात, आणि झडपा क्षणभर एकदम उघड्या असताना योग्य वेळी आलेली कमी दाबाची लाट सिलिंडर रिकामा करायला मदत करते. मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबी आणि व्यास जुळवून ही वेळ साधता येते. टर्बो डिझेलमध्ये मध्येच टर्बाइनचे चाक बसलेले असल्यामुळे त्याच्यापुढच्या नळीत त्या लाटांचे फारसे काही उरत नाही. आणखी एक फरक: पेट्रोल इंजिनात जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, हे जवळपास आपोआप घडते. डिझेलमध्ये हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते आणि किती डिझेल फवारायचे हे कॉमन रेलचा संगणक ठरवतो. त्याच्या नकाशात कमाल टॉर्क लिहिलेला आहे. नळी रुंद झाली हे त्याला कळत नाही आणि कळले तरी तो ती मर्यादा सोडत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवता येई. त्याने ओढ खरोखर वाढे, काळा धूर वाढे आणि पिस्टनही वितळत.

बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, चित्र वेगळे आहे. अनेक डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि तो भरला की खरोखरच दहा-वीस किलोपास्कलचा अडथळा उभा राहतो. इथे गाडी मंदावते, आणि मालकाला सांगितले जाते की डबा आतून फोडून टाका. याला कायदा परवानगी देत नाही, आणि दाब व तापमान मोजणारे सेन्सर गप्प बसत नाहीत; गाडी मर्यादित शक्तीच्या अवस्थेत जाते. काजळी साचण्याचे कारण बहुधा गाडीचे काम असते. द्वारका ते अंबड, अंबड ते सातपूर अशा छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही. काजळी जाळून टाकण्यासाठी फिल्टरमध्ये सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि संगणकाने सुरू केलेली ती जाळण्याची क्रिया इंजिन मध्येच बंद केल्याने अर्धवट राहते. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग चालवणे आणि पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे इंजिन ऑइल वापरणे, हा उपाय कोणत्याही रुंद नळीहून स्वस्त आहे.

आपल्या गाडीत खरेच अडथळा आहे का, हे मोजायला यंत्रशाळा लागत नाही. जुन्या गाडीत सायलेन्सरच्या आधी नळीला एक छोटा नट वेल्ड करून त्यात मीटरभर तांब्याची बारीक नळी बसवायची, म्हणजे वायू थंड होतो. तिच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची इंग्रजी यू आकाराची नळी जोडून तिच्यात पाणी भरायचे. दोन बाजूंच्या पातळीतला १० सेंटीमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. उभ्या गाडीत नुसती रेस देऊन मोजलेला आकडा फसवा असतो, कारण भार नसताना टर्बो दाब देत नाही. चढावर चालत्या गाडीत, शेजारी बसलेल्या माणसाने वाचावा. फरक मीटरभराच्या आत असेल तर एक्झॉस्टला हात लावण्याचे कारण नाही. दोन मीटरच्या पुढे गेला तर नळी चेपली आहे, डब्याच्या आतला पडदा सुटून आडवा पडला आहे किंवा फिल्टर भरला आहे, आणि मग बदल म्हणजे दुरुस्ती ठरते.

हे मोजण्याआधी हवेचे फिल्टर काढून बघावे, इतके साधे सांगायलाही संकोच वाटतो. कांद्याच्या खळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीचे फिल्टर पत्र्यासारखे झालेले असते, इंटरकूलरचा रबरी पाइप क्लिपजवळ फाटलेला असतो, मागचा एखादा ब्रेक घासत असतो. यातले प्रत्येक कारण एका अश्वशक्तीहून जास्त खाते.

दातांचा हिशेब

क्राऊन-पिनियनने शक्ती तसूभरही वाढत नाही. पण एक्झॉस्टने जे होत नाही ते इथे होते: चाकाशी मिळणारी ओढ बदलते, आणि नेमकी ज्या फेऱ्यांवर हवी तिथे बदलते.

वीस मीटरला एक मीटर असा चढ घेऊ. ३,३०० किलोच्या गाडीला त्यावर टिकून राहायलाच १६५ किलोची ओढ लागते, टायरच्या घर्षणाला सुमारे ५० किलो, ताशी पन्नासच्या वेगाला हवेच्या रेट्यासाठी १५-२० किलो. एकूण २३०-२३५. आता चौथ्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क, ४.१० रेशो, दहा टक्के घर्षणात गेले असे धरून चाकाशी मिळतात २२१ किलो. म्हणजे गाडी चौथ्यात थोडीशी कमी पडते. वेग हळूहळू उतरतो आणि चालकाला तिसरा टाकावा लागतो. तिसऱ्यात ३१० किलो मिळतात, गरजेहून कितीतरी जास्त, पण १,८०० फेऱ्यांवर वेग चाळीस. रेशो ४.५६ केला की चौथ्यातच २४६ किलो मिळतात आणि गाडी पन्नासच्या वेगाने चढ काढते. चालक ज्याला «दम नाही» म्हणतो तो दम बहुतेक वेळा या दहा-पंधरा किलोंच्या तुटीत असतो, आणि ती दोन गिअरांच्या मधल्या पोकळीत पडलेली असते. हा नाशिकच्या पिकअपमधला सगळ्यात शहाणा बदल आहे, असे मला वाटते. मात्र ज्याला खरोखर चढ आहेत त्याच्यासाठीच.

कारण किंमत दुसऱ्या बाजूला मोजावी लागते. ताशी ८० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये आधी इंजिन सुमारे २,०५० फेऱ्यांवर असे, ते २,२८० वर जाते. धुळ्याकडच्या सपाट रस्त्यावर जास्त फेऱ्या म्हणजे जास्त घर्षण आणि जास्त डिझेल. महिन्यातल्या बहुतेक फेऱ्या सपाटीवर असतील तर हा बदल तोट्याचा आहे. अर्ध्या वेळी गाडी रिकामी धावत असेल तर आणखी तोट्याचा. जुन्या जीपचा ५.३८ रेशो आठवतो तो इथे: त्या जीपला घाट आणि शेत दोन्ही हवे होते, पण ताशी साठच्या पुढे तिचा आवाज ऐकणे ही शिक्षा होती.

दुसरी किंमत दातांत आहे. क्राऊनचा व्यास डिफरेन्शियलच्या घरात मावेल तेवढाच राहतो, त्यामुळे रेशो वाढवताना पिनियनचे दात कमी करावे लागतात. ४.१० म्हणजे ४१ आणि १०, ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. एक दात कमी झाला की पिनियन बारीक होतो, एका वेळी पकडीत असणारे दात घटतात, आणि वाढलेली ओढ तोच कमजोर पिनियन वाहतो. परवान्यापेक्षा जास्त माल भरण्याची सवय असलेल्याने हे आधी विचारात घ्यावे.

नाशिकमध्ये हव्या त्या रेशोची जोडी डब्यात तयार मिळेल असे नाही. व्यवहारात एकाच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा, त्याच घरात बसणारा संच शोधला जातो, कधी भंगारातून. म्हणून आपल्या गाडीत आज काय आहे हे आधी मोजावे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावून, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल करून मागचे एकच चाक उचलायचे. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवायचे. दुसरे चाक स्थिर असल्याने शाफ्ट जेवढे फेरे फिरेल तोच रेशो. चार फेरे आणि एक दशांश आला तर ४.१०. चारचाकी ओढीच्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो सारखाच ठेवावा लागतो, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस स्वतःलाच पिळून काढते. वेगमापकाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर रेशो बदलल्यावर काटा अकरा टक्के जास्त दाखवतो.

दोन चाकांची वाटणी

फ्रेंच कारागीर ओनेसिफोर पेकर याने १८२८च्या सुमारास डिफरेन्शियलचे पेटंट घेतले ते वाफेच्या गाडीसाठी. गरज साधी होती. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. मागच्या चाकांत सव्वाचौदाशे मिलिमीटर अंतर असेल तर काटकोनातल्या वळणात हा फरक जवळपास सव्वादोन मीटर येतो, वळण लहान असो वा मोठे. मुंबईकडून येऊन द्वारकेला पुणे रस्त्याकडे वळणारी प्रत्येक गाडी हा फरक डिफरेन्शियलच्या पोटात जिरवते.

पण त्याच यंत्रणेचा स्वभाव असा की दोन्ही बाजूंना टॉर्क सारखा जातो. एक चाक डांबरावर आणि एक चिखलात असेल तर डांबरावरच्या चाकालाही चिखलाएवढेच मिळते. मागच्या एक्सलवर दोन टन वजन धरू, प्रत्येक चाकावर एक टन. डांबराची पकड ०.६, चिखलाची ०.२. उघड्या डिफरेन्शियलमध्ये एकूण ओढ २०० अधिक २००, म्हणजे ४०० किलो. पूर्ण लॉक केले तर २०० अधिक ६००, म्हणजे ८००. टॉर्क वाटून देणाऱ्या मर्यादित घसरणीच्या प्रकाराचे गुणोत्तर अडीच असेल तर २०० अधिक ५००, म्हणजे ७००. चिखलातून ३,३०० किलोची गाडी काढायला साडेतीनशे ते पाचशे किलो लागतात. म्हणजे उघड्या डिफरेन्शियलची गाडी शेताच्या तोंडाशी अडते ती नेमकी काठावर अडते. हे लक्षात घेतले की पर्यायही दिसतो. खोल नक्षीचे टायर लावून चिखलातली पकड ०.२ वरून ०.३ केली तर लॉकशिवायच सहाशे किलो मिळतात. टायर तसेही बदलावेच लागतात.

लॉकचे प्रकार अनेक, पण त्यांत एक सीमा आहे. गिअरवर चालणारा टॉर्क वाटणारा प्रकार एक चाक हवेत लटकले की निकामी होतो, कारण शून्याला अडीचने गुणून शून्यच येते. तिथे ब्रेक हलका दाबून कृत्रिम अडथळा द्यावा लागतो. यांत्रिक आपोआप लॉक होणारा प्रकार, जो नव्या थारमध्ये आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही आवृत्त्यांत मिळतो, एका चाकाने ठरावीक वेगाने घसरायला सुरुवात केली की स्वतः जुळतो. २०२२मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्समध्ये बटणाने लागणारे मागचे लॉक आहे. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचे हवेच्या दाबावर चालणारे लॉक इथले ऑफ-रोडवाले बसवतात. त्याला छोटा कॉम्प्रेसर, हवेची नळी आणि हाऊसिंगला भोक लागते. इगतपुरीच्या डोंगरात सुटीच्या दिवशी उतरणाऱ्यांना ते शोभते.

माल वाहणाऱ्या पिकअपला मात्र लॉकचा एक तोटा असतो तो बोलला जात नाही. लॉक केलेल्या स्थितीत सगळा टॉर्क एकाच एक्सल शाफ्टवर येऊ शकतो. पहिल्या गिअरमध्ये हा जवळपास तीन हजार न्यूटन-मीटर होतो, म्हणजे कंपनीने त्या शाफ्टसाठी गृहीत धरलेल्याच्या दुप्पट. शाफ्ट तुटतो तो बहुधा भरल्या गाडीत, शेतात, संध्याकाळी. आतले गिअर वेल्ड करून कायमचे लॉक करण्याचा स्वस्त मार्ग तर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला वापरूच नये. पावसात द्वारकेच्या वळणावर आतल्या चाकाला घसरण्यावाचून दुसरी वाट राहत नाही, आणि रिकामी पिकअप मागून आधीच हलकी असते.

पेठ रोडचा प्रश्न

मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तिकेतला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असे म्हणते. आवाज आणि धुरासाठी कलम १९० वेगळे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. सायलेन्सर कसा असावा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२०व्या नियमात आहे.

मोकळा सायलेन्सर ऐकू येतो, म्हणून पकडला जातो. रेशो ऐकू येत नाही. त्यामुळे तो आपोआप कायदेशीर ठरत नाही. व्यापारी पिकअपला दर एक-दोन वर्षांनी फिटनेससाठी उभे राहावे लागतेच, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर न कळवलेला बदल शोधण्यात रस घेतो. एमएच-१५ची गाडी असेल तर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारणे आणि विमा कंपनीला कळवणे हा कामाचा पहिला टप्पा धरावा. शक्यतो कंपनीनेच त्या गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीत दिलेला रेशो निवडावा. बाजू मांडायला काहीतरी हाती राहते.

अंगणात काय करावे

एक्झॉस्टचे काम घरी होण्यासारखे आहे. गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल लावावे. गरम-थंड होऊन टर्बोजवळचे स्टड ठिसूळ झालेले असतात आणि घाईत पिळले की मुळातून तुटतात. नवी नळी रबरी हँगरवर लटकली पाहिजे, कुठेही चेसिसला, ब्रेकच्या नळीला किंवा वायरिंगला टेकता कामा नये. इंजिन हलते आणि चेसिस हलत नाही, म्हणून मधला लवचीक तुकडा काढून सरळ पाइप वेल्ड करण्याचा मोह टाळावा. सांधा थोड्याच दिवसांत तडकतो. वेल्डिंग गाडीवरच करायचे असेल तर आधी बॅटरीची तार सोडवावी, नाहीतर संगणकाची किंमत कळते. सांध्यातून गळणारा धूर केबिनमध्ये शिरतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले की बुडबुडे दिसतात.

डिफरेन्शियलचे तसे नाही. गाडी चेसिसखाली पक्क्या घोड्यांवर घेऊन, तेल काढून, एक्सल शाफ्ट आणि हाऊसिंगमधला भाग बाहेर काढण्यापर्यंतचे काम ज्याच्या हाताला सवय आहे तो करू शकतो. विटा किंवा दगड रचून त्यांच्या भरवशावर गाडीखाली कधीही झोपू नये. स्पायडर गिअरच्या जागी बसणारे तयार लॉक असेल तर क्राऊनची जुळणी बदलत नाही, फक्त बाजूच्या बेअरिंगच्या टोप्या आणि शिम ज्या बाजूच्या त्याच बाजूला परत गेल्या पाहिजेत. खुणा करूनच सोडवाव्यात.

क्राऊन-पिनियन बदलताना मात्र चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते, म्हणून दोन्हीवरचे जोडीचे क्रमांक सारखे असावेत. पिनियन किती आत बसतो हे शिमने ठरते. त्याच्या बेअरिंगवरचा आधीचा ताण दबणाऱ्या कड्याने ठरतो. ते कडे एकदा प्रमाणाबाहेर दाबले गेले की नट सैल करून चालत नाही, नवे घ्यावे लागते. आणि दातांमधली मोकळीक बहुतेक हलक्या गाड्यांत ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. हाताने हलवून हा आकडा कळत नाही, डायल गेज लागते. मग दातांना मार्किंगचा रंग लावून, क्राऊन अडवत-अडवत फिरवून ठसा बघायचा. ठसा दाताच्या बुडाकडे सरकला तर पिनियन फार आत आहे, माथ्याकडे गेला तर फार बाहेर. एक शिम बदलली की मोकळीक पुन्हा बदलते आणि सगळे परत मोजावे लागते. म्हणून माझा सल्ला असा की सुटा केलेला भाग पिशवीत घालून ज्याच्याकडे डायल गेज आहे आणि ते वापरण्याचा धीर आहे अशा मिस्त्रीकडे न्यावा, आणि ठसा स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाठीमागून येणारी हूंऽ अशी घरघर आठवड्याभरात सुरू झाली तर ती ऑइल बदलून जात नाही.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच, बहुधा जीएल-५. मर्यादित घसरणीच्या क्लच-पट्ट्या असतील तर त्यात त्यासाठीचे मिश्रणही. पहिला प्रवास रिकाम्या गाडीने पंचवीस-तीस किलोमीटरचा करावा, मग डिफरेन्शियलचे घर पूर्ण थंड होऊ द्यावे. नव्या दातांना पहिल्या घासणीत फार उष्णता सुटते. पाचशे ते आठशे किलोमीटर माल न भरता किंवा अर्धाच भरून चालवावे. मग तेल काढून ड्रेन प्लगवरचे चुंबक पुसून पाहावे. बोटाला मऊ लागणारा राखाडी लेप अपेक्षितच आहे. नखाला अडकणारा कण निघाला तर पुढची खेप भरायच्या आधी हाऊसिंग पुन्हा उघडावे लागेल.